अपंगांची टक्केवारी वाढली म्हणजे आरोग्य खाते नापास झाले काय?



या पानावर बेणेप्रक्रिया, हुमणी, ठिबक, खोडवा असेच विषय येत असतात. या खेपेचा विषय वेगळा आहे, पण त्याचे मूळ आपल्याच गटसभेत आहे. आहुपे खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर डोळे, कान आणि कातडीच्या तपासणीचे शिबिर घ्यावे, त्याला कारखान्याने वाहन आणि डिझेल द्यावे, असा विषय सभेत निघाला. त्यावर काही सभासदांनी रोखठोक सवाल केला. ते म्हणाले, जनगणनेचे आकडे बघा, महाराष्ट्रात अपंग वाढलेच आहेत. एवढी वर्षे उपकेंद्रे झाली, शिबिरे झाली, लसी झाल्या, त्याचा उपयोग काय झाला? मग आणखी आपले डिझेल कशाला?

सवाल गैर नाही. सभासदाचा पैसा जिथे जातो तिथला हिशेब मागितलाच पाहिजे. पण हिशेब मागताना कोणता आकडा धरायचा, यावर सगळे अवलंबून असते. उताऱ्याचा आकडा वाचायला आपण सगळे शिकलो आहोत. अपंगांच्या टक्केवारीचा आकडाही तसाच वाचावा लागतो, म्हणून हा लेख. (सरकारी कागदात आता ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. जुन्या जनगणनेत आणि आपल्या बोलण्यात ‘अपंग’ आहे म्हणून तोच ठेवला आहे. कोणास कमी लेखण्याचा हेतू नाही.)

आणि आहुप्याचे आपल्याला काय, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आपल्या चारीत कुठले पाणी येते ते आठवावे. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडचे टोक. पुढे कडा तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका लागतो. घोड नदी त्याच डोंगरात उगम पावते. तिथे पडलेला पाऊस डिंभ्याला अडतो. धरणाची साठवण साडेतेरा टीएमसीच्या आसपास. त्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, आणि ते साठवण्यासाठी जुने आंबेगाव गाव पाण्याखाली गेले. वर राहणाऱ्या महादेव कोळी समाजाच्या वाट्याला भात, नाचणी, वरई आणि हिरडा. ऊस नाही. तेव्हा तिथले आपल्याला काही नाही, असे निदान आपण तरी म्हणू नये.

आता आकड्यांकडे येऊ.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती सुमारे १५ लाख ७० हजार नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या १.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत २९ लाख ६३ हजार, म्हणजे २.६ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. सभेत ज्यांनी सवाल केला त्यांचा आकडा बरोबरच होता.

पण त्याच दोन जनगणनांत तमिळनाडूचे काय झाले बघा. २००१ मध्ये तिथे १६ लाख ४२ हजार, म्हणजे २.६ टक्के. २०११ मध्ये ११ लाख ८० हजार, म्हणजे १.६ टक्के. आपण जिथून निघालो तिथे ते पोचले, आणि ते जिथे होते तिथे आपण. दोन्ही राज्यांनी जणू पाटी बदलून घेतली. मग महाराष्ट्राचे आरोग्य त्या दहा वर्षांत बिघडले आणि तमिळनाडूचे सुधारले असे म्हणायचे का? तर तसेही नाही. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके महाराष्ट्रात २००१ मध्ये ४५ होती, २०११ मध्ये २५ झाली. तमिळनाडूत ४९ ची २२ झाली. दोन्हीकडे सुधारणाच. एवढ्या मोठ्या राज्यात दहा वर्षांत चौदा लाख माणसे नव्याने पांगळी-आंधळी व्हायला एखादे युद्ध किंवा मोठी साथ यावी लागते, आणि तशी काही आलेली नव्हती. बदलले ते मोजणे. २००१ ला पाच प्रकारचे अपंगत्व विचारले होते, २०११ ला आठ. प्रश्नाची मांडणी बदलली, गणकांचे प्रशिक्षण बदलले.

याहून मोठा नमुना १९८१ चा आहे. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्या जनगणनेत घरयादी करताना पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके एवढेच विचारले गेले. देशभरात सापडले सुमारे ११ लाख. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने घरोघर जरा खोलात जाऊन विचारले, तर अंदाज निघाला १ कोटी २० लाखांचा. वर्ष एक, देश एक, माणसे तीच, आणि आकड्यात दहापटीहून अधिक फरक. ‘पूर्ण’ हा एक शब्द प्रश्नात असला की काठी टेकत चालणारा माणूस यादीतून बाहेर पडतो.

आपल्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर काणीचे द्यावे लागेल. ज्या गटातला चिटबॉय बांधावरून प्लॉट बघून पुढे जातो, त्या गटात काणीची बेटे कमी नोंदली जातात. ज्या गटातला सरीत शिरतो, पाचट बाजूला करून बेट न् बेट बघतो, तिथे काणी जास्त दिसते. म्हणून दुसऱ्या गटाचे बेणे वाईट ठरत नाही. उलट ज्या गटाचा आकडा अगदी शून्य येतो, तिथे मी स्वतः एकदा फिरून येतो. अपंगांच्या बाबतीत जगभर हाच प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातली १६ टक्के माणसे अपंगत्वासह जगतात असे म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये आपल्याकडे २१ टक्क्यांवर माणसे मोजली. आपला २०११ चा आकडा देशभरात २.२ टक्के. ऑस्ट्रेलियाची प्रकृती आपल्या दसपट खराब आहे असे कोणी म्हणेल का? तिथे ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्याचीही नोंद होते, कारण नोंद झाली की त्याला काही मिळते. आपल्याकडे “आबांना वयोमानाने कमी ऐकू येतं, बाकी काही नाही” असे सांगून गणकाला चहा पाजला जातो. लग्नाची मुलगी घरात असेल तर भावाचे फिट येणे सांगितलेच जात नाही.

२००१ नंतर यावर एक तोड निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने वॉशिंग्टन गट नावाचा आकडेतज्ज्ञांचा गट स्थापन झाला. त्यांनी ‘तुम्ही अपंग आहात का’ हा प्रश्नच टाकून दिला. त्याऐवजी सहा साधे प्रश्न ठेवले. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? स्वतःची अंघोळ-कपडे करायला? बोललेले समजायला-समजवायला? उत्तर चार पायऱ्यांत द्यायचे: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. असे विचारले की माणूस लाजत नाही. आपल्या शिबिरातही याच पद्धतीने विचारावे, असे माझे मत आहे.

आता दुसरी गोष्ट, साठा आणि आवक यांतला फरक. गोदामात आज किती पोती आहेत यावरून आज गाळप किती झाले ते कळत नाही. गोदामात मागच्या हंगामाची साखरही असते. अपंगांची टक्केवारी हा गोदामातला साठा आहे. आरोग्य खात्याचे यंदाचे काम म्हणजे रोजची आवक.

पोलिओ घ्या. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातल्या एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा देशातला शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. आवक शून्य झाली. पण साठ्याचे काय? १९७५-८० ला पोलिओ झालेली मुले आज पंचेचाळीस-पन्नाशीची आहेत. आपल्याच सभासदांत गुडघ्यावर हात ठेवून चालणारे आहेत, काट्यावर आपण त्यांना भेटतो. ती माणसे शंभर वर्षे जगोत. पण ती आहेत तोवर टक्केवारीतला हा वाटा कमी होणार नाही. पोलिओच्या लसीने काय केले हे बघायचे तर गावातल्या एकूण पांगळ्यांची संख्या मोजून चालणार नाही. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांत पोलिओचा पाय किती जणांना आहे ते विचारावे. आहुप्याच्या आश्रमशाळेच्या मैदानावर जाऊन बघितले तरी उत्तर मिळेल. वय बघून, कोणत्या सालच्या जन्माच्या माणसांत काय दिसते ते तपासले, की आरोग्य खात्याच्या कामाची खरी रेघ दिसू लागते.

वयाचा मुद्दा आला म्हणून आणखी एक. आडसाली उसाच्या प्लॉटशी तिसऱ्या खोडव्याच्या प्लॉटची नांग्यांवरून तुलना करणारा शेतकरी आपल्यात कोणी नाही. गावांची तुलना मात्र आपण बिनदिक्कत करतो. समजा, बाजारपेठेचे एक हजार वस्तीचे गाव आहे. साठीच्या आत ९०० माणसे, साठीच्या वर १००. आतल्यांत शेकडा १ अपंग, म्हणजे ९. वरच्यांत शेकडा ८, म्हणजे ८. एकूण १७, म्हणजे १.७ टक्के. आता डोंगरातले एक हजार वस्तीचे दुसरे गाव. तरुण कामासाठी मंचर, नारायणगाव, मुंबईला गेले. साठीच्या आत ७०० उरले, वर ३००. आतल्यांत तेच शेकडा १, म्हणजे ७. वरच्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने चांगली झाली म्हणून त्यांच्यात शेकडा ६ च, म्हणजे १८. एकूण २५, म्हणजे अडीच टक्के. डोंगरातल्या गावाचे काम तरण्यांत बरोबरीचे आणि म्हाताऱ्यांत सरस असूनही आकड्यात ते मागे पडले. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत. पण ज्या ज्या गावातून तरुण बाहेर पडतात तिथे हे घडणारच.

वाडी लहान असली तर टक्केवारी काढूच नये. तीनशे वस्तीच्या वाडीत एक माणूस झाडावरून पडून कमरेत अधू झाला की टक्केवारी एक तृतीयांश टक्क्याने वर जाते. हिरडा काढताना असे पडणे व्हायचेच. तिथे नावे लिहावीत, कारण लिहावे आणि वर्ष लिहावे. टक्के काढण्याचे काम तालुक्याने करावे.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. औषधोपचार सुधारले की अपंग वाढू शकतात, कारण मरणारी माणसे वाचतात. सर्पदंशाचे उदाहरण आपल्याला जवळचे. उसात पाचट ओढताना, रात्री बारे देताना घोणस, नाग, मण्यार यांच्याशी गाठ पडते. डोंगरात फुरसेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सर्पदंशाने दर वर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे मरतात, आणि त्याच्या सुमारे तिप्पट माणसे वाचतात पण हातपाय कापावे लागल्याने किंवा अन्य रीतीने कायमची अधू होतात. पूर्वी घोणस चावलेला माणूस मांत्रिकाच्या दारात संपायचा आणि मृत्यूच्या खाती जमा व्हायचा. आता तो दवाखान्यात पोचतो, प्रतिसर्पविष मिळते, जीव वाचतो. पण उशीर झाला असेल, वर दोरीने आवळून बांधले असेल, तर पाय सडतो आणि तो अपंगांच्या खाती येतो. एकट्या अपंगांच्या खात्याकडे बघाल तर नुकसान झाले असे वाटेल. दोन्ही खाती एकत्र मांडा, म्हणजे फायदा दिसेल. आणि त्याच्या पुढची पायरीही दिसेल: पोचायला किती वेळ लागला, हे मोजले पाहिजे. जागतिक संघटनेने २०१९ मध्ये ठरवलेले उद्दिष्ट २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू आणि अपंगत्व ही दोन्ही निम्म्यावर आणण्याचे आहे. दोन्ही शब्द एकत्र आहेत ते याचसाठी.

आकडा खाली आला म्हणजे सगळे आलबेल असेही समजू नये. बी हेवी मळी इथेनॉलला वळवली की साखर उतारा दीड टक्क्याच्या आसपास कमी दिसतो. त्याने ऊस वाईट होत नाही आणि गिरणीही बिघडत नाही. मोजण्याची जागा बदलली, एवढेच. अंधत्वाच्या आकड्यात असेच झाले आहे, फक्त उलट दिशेने. देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ ला सुरू झाला. २००६-०७ च्या पाहणीत अंधत्व १ टक्का होते. २०१५ ते २०१९ च्या पाहणीत ०.३६ टक्के आले. फार मोठी घट. पण मध्ये २०१७ साली व्याख्या बदलली. पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता आली नाहीत तर माणूस अंध धरत. आता तीन मीटरवरून मोजता आली नाहीत तर अंध. चार-पाच मीटरवरची बोटे ओळखणारा माणूस काल अंध होता, आज नाही. त्याच्या डोळ्यांत काही फरक पडलेला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनांनी काम केले आहे, ते नाकारता येणार नाही; आपल्या घरात म्हातारी माणसे पुन्हा सुईत दोरा ओवू लागलेली आपण पाहिली आहेत. पण सगळी घट ऑपरेशनांच्या नावावर मांडली तर तो हिशेब ऑडिटरला पटणार नाही.

मग आरोग्य खात्याची परीक्षा घ्यायचा आकडा आहे तरी कोणता? आहे. आणि तो कुष्ठरोगाच्या कामातून आला आहे, ज्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

कुष्ठरोगाचे जंतू कातडीत आणि मज्जातंतूत हळूहळू काम करतात. आधी फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यात बधिरपणा असतो. म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. पुढे नसा सुजतात, तळहात-तळपाय बधिर होतात. चुलीवरचे भांडे हाताला लागते ते कळत नाही, काटा पायात मोडतो तो कळत नाही. त्यानंतर बोटे वाकतात, पायाला न भरणारी जखम होते, डोळा पुरा मिटत नाही. डॉक्टर याच्या पायऱ्या मोजतात. बधिरता आली पण दिसणारी विकृती नाही ती पहिली श्रेणी, दिसणारी विकृती आली ती दुसरी श्रेणी. पहिल्या चट्ट्यापासून वाकलेल्या बोटांपर्यंत यायला सहसा वर्षे जातात. त्या सगळ्या काळात औषध गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट पडलेले असते. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो.

आता विचार करा. नवा रुग्ण सापडला त्या दिवशीच त्याची बोटे वाकलेली असतील, तर दोष कोणाचा? रोगाचा नाही. रोगाने तर पुरेसा अवधी दिला होता. तो दोष उशिराचा. कोणी घरी गेले नाही, गेले तर अंग तपासले नाही, तपासले तर बाईमाणसाची पाठ बघायला बाई कर्मचारी नव्हती, किंवा माणसाने लाजेने लपवले. म्हणून नव्याने सापडलेल्या रुग्णांत दुसऱ्या श्रेणीची विकृती किती जणांना, हा आकडा खात्याच्या कामाची अचूक परीक्षा घेतो. यात गोदामातला जुना साठा मिसळत नाही, वयाचा घोळ फार नाही, आणि व्याख्या डोळ्यांना दिसणारी आहे.

वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने १९५१ नंतर ‘सर्वेक्षण, शिक्षण, उपचार’ ही पद्धत बसवली. रुग्ण दवाखान्यात यायची वाट न बघता आपण घरोघर जाऊन शोधायचे, हे तिचे सार. पुढे देशाच्या कार्यक्रमाने तीच धरली. १९८३ पासून बहुविध औषधोपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण उरले, आणि कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. इथेच गडबड झाली असे मला वाटते. ‘दूरीकरण झाले’ हे शब्द कानी पडले की शोधणारे हात सैल पडतात. रुग्ण तर सापडतच राहिले, आणि काहींची बोटे आधीच वाकलेली. म्हणून २०१६ पासून पुन्हा घरोघर शोधमोहिमा काढाव्या लागल्या. दहा लाख लोकसंख्येमागे दुसऱ्या श्रेणीच्या विकृतीचे नवे रुग्ण २०१४-१५ मध्ये ४.४८ होते, ते २०१९-२० पर्यंत १.९४ वर आले. जागतिक उद्दिष्ट होते एकाच्या आत, आणि लहान मुलांत शून्य.

पण या आकड्यालाही एकटे सोडू नये. देशात २०१९ मध्ये १ लाख १४ हजार नवे कुष्ठरुग्ण सापडले होते. २०२० मध्ये ६५ हजार. रोग एका वर्षात निम्मा झाला का? नाही, कोविडमुळे शोधणारे कर्मचारी दुसऱ्या कामाला लागले आणि दारे बंद झाली. २०२२ मध्ये आकडा पुन्हा लाखावर गेला. म्हणजे मधली माणसे चट्टे घेऊन घरातच बसली होती. म्हणून नेहमी दोन आकडे जोडीने बघावेत: नवे रुग्ण किती, आणि त्यांत विकृती असलेले शेकडा किती. नवे रुग्ण वाढले आणि विकृतीचा शेकडा उतरला, तर शोध चांगला चालला आहे. नवे रुग्ण घटले आणि विकृतीचा शेकडा चढला, तर खुशाल समजा की कोणी घरोघर जात नाही. तिसरा आकडा लहान मुलांचा. मुलात कुष्ठरोग सापडणे म्हणजे जवळपास कोणी औषधाविना मोठे माणूस आहे.

बाहेरदेशी सगळ्या रोगांचा एकत्र हिशेब करण्याचीही रीत निघाली आहे. अकाली मरणाने गेलेली वर्षे आणि अपंगत्वात काढलेली वर्षे एकत्र करून देशाचे एकूण नुकसान काढतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने ही रीत गाजवली. आपल्या देशाचा असा राज्यवार हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० साली एकूण नुकसानीत साथीचे रोग, बाळंतपण, कुपोषण यांचा वाटा ६१ टक्के होता, तो २०१६ पर्यंत ३३ वर आला. हृदयविकार, मधुमेह वगैरेंचा ३० वरून ५५ वर गेला. अपघात-इजांचा ९ वरून १२. दिल्ली-मुंबईत बसून पैसा कुठे घालायचा ते ठरवायला हे उपयोगी. वाडीवर त्याचा उपयोग थोडा. कारण त्यात एक पाय जाण्याला सगळीकडे एकच वजन दिलेले असते. मंचरला दुकानात बसणाऱ्याचा पाय आणि आहुप्याला भातखाचरात उतरणाऱ्याचा पाय यांचे वजन एक कसे धरणार?

यातूनच शेवटचा मुद्दा येतो. अधूपण हे अर्धे शरीरात आणि अर्धे वाटेत असते. तीनचाकी सायकल मंचरच्या डांबरी रस्त्यावर चालते. आहुपे खोऱ्यात पावसाळ्यात घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चिखलाची चढण आहे, तिथे तीच सायकल पडवीत कोंबड्या बसायला उपयोगी पडते. अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांचा मिळाल्याशिवाय बऱ्याचशा योजनांचे दार उघडत नाही, आणि तपासणीसाठी डोंगरातून निघून घोडेगाव, मंचर, प्रसंगी पुण्यापर्यंत जावे लागते. सोबत एक धडधाकट माणूस, त्याची मजुरी बुडते. म्हणजे सर्वात जास्त अडलेला माणूस दाखल्यांच्या यादीत सर्वात शेवटी येतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. पण घरातून निघताच आले नाही तर एकवीस काय आणि सात काय. याचे सगळे खापर आरोग्य खात्यावर फोडता येणार नाही. त्यात बांधकाम खाते आहे, एसटी आहे आणि ग्रामपंचायतही आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारता येतो. रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ऊस ट्रॉल्यांवर आदळून ज्यांचे पाय गेले त्यांचे खाते तर आपल्यासारख्या कारखान्यांच्याच नावावर पडते, याचाही उच्चार इथे करून ठेवतो.

तेव्हा सभेतल्या विषयाबद्दल माझे मत असे. शिबिराला गाडी आणि डिझेल द्यावे. मात्र ‘इतक्यांची तपासणी, इतक्यांना चष्मे’ एवढ्या अहवालावर समाधान मानू नये. प्रत्येक नोंदीत वय, अपंगत्व कोणत्या वर्षी आले, कशाने आले, पहिल्यांदा दवाखान्यात केव्हा पोचला आणि दाखला आहे की नाही, एवढे पाच रकाने असावेत. आणि पहिल्या वर्षी आकडा वाढला तर शिबिर फसले असे म्हणू नये. तो वाढायलाच हवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नव्या नोंदींत उशीर कमी होतो की नाही, ते बघावे. जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही, आता २०२७ ची ठरली आहे. गणक दारात आला की आबांचे ऐकू न येणे आणि धाकट्याच्या फिट आपण सांगाव्यात.

गाळप हंगामाच्या दृष्टीने एक सूचना. आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्या सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. त्यांच्या गावात शोधमोहीम होते तेव्हा घराला कुलूप असते, आणि आपल्या गावात होते तेव्हा त्यांच्या कोप्या कोणाच्या यादीत नसतात. मुकादम आणि गट ऑफिसने टोळी उतरल्यावर आठवडाभरात कोप्यांची संख्या आणि जागा त्या भागातल्या आशाताईंना कळवावी. अंगावर न खाजणारा बधिर चट्टा, हातापायाला मुंग्या, कोयता हातातून निसटणे, पायाची न भरणारी जखम असे काही दिसले तर माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. बायकांची तपासणी नर्सबाईंनी कोपीत जाऊन केली तर बरे. गोळ्या सुरू झाल्यावर टोळी दुसऱ्या गटात हलली, तर औषधाचे कार्ड माणसाबरोबर द्यावे. पुढच्या केंद्रात तीच औषधे फुकट मिळतात.

— ऊस विकास अधिकारी